भिंतीले गोड पाणी

कोथळखेड, ता. संग्रामपूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय इंद्रभानदादा,

तुले आन सोजरावयनीले बेबीचा जयभीम.

फोन लावला का तू "कोण? कोण बोलते?" करत बसतं, मंग वयनी फोन हिसकते आन तिच्या गुडघ्याची गोष्ट सांगते. तूच म्हतलं होतं, कानातलं यंत्र फोनवर शिट्टी मारते, काय सांगाचं ते लिहून धाडत जाय. घे मंग. चौथीतून शाळा सुटली तवापासून मी पेन धरला नव्हता, ग्रामपंचायतीची मेंबर झाल्यावर धरला. अक्षराले हासू नोको.

आता नीट बसून वाच. विहाराच्या मांगं ई-क्लासचं सरकारी रान पडलं होतं ना, आपून लहानपणी गुरं घेऊन जावो ते, तठी बावीस घरकुलं बांधणं सुरू झालं. ज्याईच्या नावानं हातभर जागा नाई अशा बावीस कुटुंबांसाठी. आपल्या वस्तीतले तेरा, बाकी गावातले. मधात मोठा चौक, चौकात लाइट, ओटा, झाडं. काम ठेक्यानं दिलं हाये, शेखर नावाचा ठेकेदार हाये. आन त्या कामावर ध्यान ठेवाले ग्रामपंचायतीनं देखरेख समिती केली. अध्यक्ष कोण? तुयी बहीण!

पाया, जोता, लिंटल, स्लॅब, हरेक टप्प्याले मी पाहाचं, नोंदवहीत लिहाचं आन सही कराची. मायी सही नाई तं पुढचं काम नाई. बाप्पा! वीस वर्षं मी रेजा म्हनून घमेलं वाह्यलं दादा. मिस्त्री "ए बाई" म्हने, नाव बी इचारत नव्हता. आन आता ठेकेदार म्हनते, "अध्यक्षताई, जरा येता का?"

पहिल्याच दिवशी ईटाची गाडी आली. मी दोन ईटा घेतल्या आन एकमेकीवर हाणल्या. खणखण नाई, निस्ता भद्द आवाज. म्हतलं, वापस नेय. तो डायवर म्हने, "मॅडम, तुमी इंजिनेर हाय का?" म्हतलं, "नाई बे. पर या हातानं जेवढ्या ईटा उचलल्या तेवढ्या तुया इंजिनेरनं डोळ्यानं पाह्यल्या नसतीन." गाडी गेली वापस. चौकात पुरे पेव्हर ब्लॉक टाकाचे असं नकाशात होतं. मी म्हतलं, तापलेल्या पेव्हरवर बाया बसतीन कशा? कडूलिंबाच्या बुडाशी आठ हात माती मोकळी सोडा. सोडली.

आन आणखीन एक काम मी असं केलं का वस्तीतल्या बाया आजून हासून राह्यल्या. गोड पाण्याचा टँकर आता हप्त्यातून दोनदा वस्तीत येते! तुले तं माहीत हाये, नळाचं गोड पाणी आपल्याकडं आठ-दहा दिवसांनी येते, बाकी सारं खाऱ्या बोअरवर. टँकर कसा आणला ते भेटीत सांगीन. तुले आवडीन.

देवानंद मजेत हायेत. त्यायचाबी जयभीम.

तुयी,
बेबी
(अध्यक्ष! आजून लिहू का?)


बुलढाणा
२० जानेवारी २०२५

चि. बेबीस,

तुझे पत्र मिळाले. इथे घाटावर थंडी कडक आहे, तरी पत्र हातात घेऊन मी बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर गेलो आणि आम्हा पेन्शनरांच्या बैठकीत मोठ्याने वाचले. डायवरचा प्रसंग दोनदा वाचावा लागला. एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "शेगोकार, ही तुमची सख्खी बहीण का?" मी म्हणालो, "सख्खी आणि धाकटी."

टँकर मंजूर करून घेतलास, त्याबद्दल अभिनंदन. अशा अर्जाची प्रत नेहमी जपून ठेवावी.

आता कामाचे. बांधकाम खात्यात मी एकतीस वर्षे मुकादम होतो, म्हणून चार गोष्टी सांगतो. ओळंबा लावल्याशिवाय कोणतीही भिंत पास करू नकोस, डोळ्यावर जाऊ नकोस. कॉलमला बारदान गुंडाळून ओले ठेवायला लाव. स्लॅबच्या सळया खालच्या फळ्यांना टेकता कामा नयेत, त्यांच्याखाली गोटे हवेत. आणि सर्वांत मुख्य म्हणजे पाणी. आपला सगळा खारपाणाचा पट्टा. बोअरचे खारे पाणी मालात कालवले किंवा भिंतीवर मारले तर खार फुटतो, गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि आतले लोखंड गंजून फुगते. पाच-सात वर्षांत दारा-खिडक्यांवरची लिंटल तडकते, स्लॅबचे तुकडे माणसांच्या डोक्यावर पडतात. म्हणून अशा कामाच्या अंदाजपत्रकात गोड्या पाण्याचा टँकर धरलेला असतो. ठेकेदार तो वाचवायला पाहतील. हे ठेकेदारास बजावून ठेव.

सोजराचा गुडघा जैसे थे. ती म्हणते, तुझ्या हातची सही पाहायची आहे.

तुझा दादा,
इंद्रभान


कोथळखेड
१६ फेब्रुवारी २०२५

दादा,

जयभीम. पत्राले उशीर झाला. काम गंज होतं, उसंत नव्हती.

एक इचाराचं होतं. पहिल्या लायनीतली सहा घरं लिंटलपर्यंत आली. परवा पाहाले गेली तं भिंतींवर पांढरं पांढरं, जसं कोनी पीठ उधळलं. बोटानं पुसलं आन जिभेले लावलं. खारट हाये. ईटाच्या सांध्यांतून बी तेच फुटून राह्यलं. बोअरचं पाणी वापरलं गेलं. मालात बी तेच, वरून मारलं बी तेच.

आता याले उपाय काय? धुतल्यानं जाते का? लिंटल तोडाच लागते का? तीन नंबरचं घर शालूबाईचं हाये. तुले आठवत असीन, विहाराच्या बाजूले टिनाखाली राह्यते, नवरा गेल्यापासून एकटी. रोज काठी टेकत येते, दाराच्या चौकटीत उभी राह्यते आन म्हनते, "बेबी, इथी चूल मांडीन, नाई नाई, इथी मांडीन." मले तिच्याकडं पाहवत नाई.

शेखर ठेकेदार साइटवर नोंदवही घेऊन फिरते. मायाकडं निस्ता पाह्यते.

लवकर लिहजो.

बेबी


बुलढाणा
२२ फेब्रुवारी २०२५

चि. बेबीस,

पत्र वाचून माझे डोके फिरले. मी तुला सांगितले होते की नाही! गोडे पाणी वाचवायचे आणि गरिबाच्या घरात मीठ भरायचे. असले ठेकेदार मी एकतीस वर्षांत मोप पाहिले, पण आता समोर माझी बहीण आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

मी गप्प बसलो नाही. काल स्वतः जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन लेखी तक्रार दिली. विषय: मौजे कोथळखेड येथील घरकुल कामात ठेकेदाराने हेतुपुरस्सर खारे पाणी वापरल्याबाबत. सबब त्याची देयके रोखावीत व त्यास काळ्या यादीत टाकावे, असे स्पष्ट लिहिले आहे. "सदर गैरप्रकार देखरेख समितीच्या अध्यक्ष श्रीमती बेबी देवानंद हिवराळे यांनी उघडकीस आणला" हे वाक्य मी टाइप करणाऱ्याकडून ठळक करून घेतले. पोच घेतली आहे, शिक्क्यासह.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे अशी. ज्या लिंटलमध्ये खारे पाणी कालवले ती तोडून पुन्हा टाकावी लागतील, त्यात तडजोड नाही. भिंती गोड्या पाण्याने परत परत धुवायच्या, ब्रशने घासायच्या, वाळू द्यायच्या, खार फुटायचा थांबला की मगच गिलावा. खर्च ठेकेदाराचा.

पेन्शनरांनी तुझ्या नावाने आज माझ्याकडून पेढे उकळले. छाती कशी भरून आली ते लिहिता येत नाही. घाबरू नकोस, मी पाठीशी आहे.

तुझा दादा,
इंद्रभान


कोथळखेड
९ मार्च २०२५

दादा,

हे पत्र वयनीले वाचून दाखवू नोको. पेन्शनरायले तं अजिबात नोको.

तुया अर्जानं शेखरचं बिल थांबलं. त्याले नोटीस आली. परवा तो मायाघरी आला. मले वाटलं, भांडीन. भांडला नाई. ओट्यावर बसला, पाणी मांगतलं, आन पिशवीतून नोंदवही काढली. तीन जानेवारीचं पान उघडून मायासमोर ठेवलं. त्या पानावर मायंच अक्षर हाये. "टँकरचं गोड पाणी वस्तीले सोडावं. बांधकामाले बोअरचं पाणी वापरावं. बेबी देवानंद हिवराळे, अध्यक्ष."

हाव दादा. मीच लिहलं. मायी नोंदवहीतली पहिली नोंद होती ते.

झालं असं. त्या दिवशी साइटवर गोड पाण्याचा टँकर आला. आठ दिवसांपासून नळ नव्हता. बाया रिकामे गुंड-हंडे घेऊन पाहत उभ्या. शालूबाईनं डायवरले हात जोडले, म्हने, दोन गुंड देय रे बाबा. तो म्हने, "हो बाजूले, हे भिंतीसाठी हाये." मायं डोकं फिरलं. मी टँकरपुढं उभी राह्यली आन शेखरवर वरडली, "माणसं खारं पेतात आन भिंतीले गोड पाजतं काय बे?" बायाईनं टाळ्या वाजवल्या. कोनीतरी फोनमधी भरलं, साऱ्या गावात फिरलं. शेखर हळूच म्हने, "ताई, इस्टिमेटमधी गोडच पाणी हाये." मी म्हतलं, "तुयं इस्टिमेट गेलं खड्ड्यात, मी अध्यक्ष हाओ." आन वहीत लिहून देल्लं. तोच टँकर वस्तीत येत होता दादा. मंजुरी नाई, अर्ज नाई, काई नाई. तू अभिनंदन लिहलं तवा मले सांगाले पाह्यजे होतं. नाई सांगतलं.

तुयं पाण्याचं पत्र आलं त्याच दिवशी मी बोअरचं पाणी बंद करवलं. पर सहा घरं तवरी लिंटलपर्यंत आली होती. काम तठीच थांबवलं, टँकर वस्तीतच येऊ देल्ला. आन तुले पत्र लिहलं त्यात "पाणी वापरलं गेलं" असं लिहलं. कोनं वापरवलं ते गिळलं. तू समजला ठेकेदार चोर हाये, मी तसंच समजू देल्लं. लाज वाटते सांगाले.

एक सांगू का? वीस वर्षं मी बांधकामावर पाणी वाह्यलं. शेगावच्या लॉजा बांधल्या, दुकानं बांधली. जे पाणी दिसलं ते ओतलं. कोणतं पाणी, काऊन, हे मले कोन्या मिस्त्रीनं, कोन्या मुकादमानं कधी सांगतलं नाई. मले वाटे, ईटाले काय समजते खारं आन गोड. आपल्या गावात कोनालेबी इचार, तेच म्हनीन. जठी लेकरायले गोड पाणी पुरत नाई तठी भिंतीवर कोन टाकीन?

शेखर म्हने, "ताई, त्या दिवशी तुमी लिहून देल्लं, माया बी टँकरचा ताप वाचला, मी गप बसलो. आता असं करू. तुमी सहा घरायच्या लिंटलवर सही करा, स्लॅब टाकू देवा. वरून पुट्टी मारली का कोनाले काई दिसत नाई. मी हे पान कोनाले दाखवत नाई. एक मेच्या ग्रामसभेत तुमी ताठ, मी बी ताठ." मंग पाणी पेऊन गेला.

देवानंद म्हनतात, तू ठरव. मी काई ठरवलं नाई आजून. सही केली तं मायं नाव राह्यते, तुया अर्जातलं ठळक वाक्य बी राह्यते. आन शालूबाई त्या लिंटलखाली झोपते.

दादा, अर्ज वापस घे. त्यात लिहेल खरं नाई.

बेबी


बुलढाणा
२९ मार्च २०२५

बेबी,

अठरा दिवस पत्र उशीखाली होते. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. सोजराने दोनदा विचारले, मी म्हटले, डोळे दुखतात.

राग आला, हे खरे आहे. चुकलीस म्हणून नाही. मला अर्धे लिहिलेस म्हणून. त्या अर्ध्यावर मी एका माणसाला लेखी चोर ठरवले, पेढे वाटले, आणि सरकारी शिक्का मारून घेतला.

काल कार्यालयात गेलो आणि दुसरा अर्ज दिला. "माझ्या दि. २१ फेब्रुवारीच्या तक्रारीतील 'हेतुपुरस्सर' हा आरोप अपुऱ्या माहितीवर होता, तो मी मागे घेत आहे. तथापि सहा घरांतील खाऱ्या पाण्याची चौकशी व दुरुस्ती व्हावी." तिथला बाबू हसला. म्हणाला, "काका, ठेकेदाराशी मिटलं वाटते." पोच घेतली आणि जिना उतरलो.

तू एक वाक्य लिहिलेस, ते मात्र मला झोंबले. कोन्या मुकादमाने सांगितले नाही. माझ्या हाताखाली शेकडो रेजा होत्या, बेबी. मी त्यांच्यावर "पाणी मार, पाणी मार" म्हणून ओरडलो. कोणते पाणी आणि का, हे मी त्यांतल्या एकीलाही कधी समजावले नाही. मला वाटायचे, त्यांना काय करायचे कळून.

ग्रामसभेत काय बोलावे ते मी लिहून देणार नाही. ठेकेदाराशी सौदा करशील असे मला वाटत नाही. केलास तर मला कळवू नकोस.

पेन्शनरांना अजून काही सांगितलेले नाही.

इंद्रभान


कोथळखेड
४ मे २०२५

दादा,

जयभीम. हे पत्र कोनालेबी वाचून दाखव. साऱ्या बुलढाण्याले दाखव.

एक मेले झेंडा झाला आन शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. एरवी वीस टाळकी येतात, कोरमसाठी कोतवाल घरोघरी फिरते. त्या दिवशी पाय ठेवाले जागा नव्हती, तुया अर्जाची बातमी साऱ्यायले होती. पंचायत समितीच्या सारिका मॅडम आल्या होत्या, त्या या कामाच्या इंजिनेर. सरपंच कडूबाभाऊ खुर्चीवर. त्यायनं घाई केली, म्हने, "ठेकेदाराचा निषेध करू, ठराव घेऊ, मोकळे होऊ. ऊन वाढून राह्यलं."

शेखर कोपऱ्यात उभा होता. मायाकडं पाहून त्यानं जराशी मान हालवली. म्हंजे, पान पिशवीतच हाये.

मी उठली. दादा, पहिल्यांदा घमेलं घेऊन शिडीवर चढली होती तशी. म्हतलं, "ठराव थांबवा. शेखरभौ, नोंदवही आना इकडं." त्याले वाटलं नाई मी मांगीन. मंग मी तीन जानेवारीचं पान मोठ्यानं वाचलं. सही सकट वाचलं. म्हतलं, "हे मी लिहलं. सहा घरायत खारं पाणी माया हुकमानं गेलं. मले समजत नव्हतं. समजलं तवा बी मी तीन महिने गप बसली, हा माया दुसरा गुन्हा."

आन मंग मांगून एका पोट्ट्यानं आवाज काढला, "भिंतीले गोड पाजतं काय बे!" सारी सभा हासली. आपल्या वस्तीतले बी हासले. कान तापले माये. म्हतलं, "हासा. मीच बोलली होती ते. टाळ्या बी तुमीच वाजवल्या होत्या." तवा बायाईनं माना खाली घातल्या.

मंग म्हतलं, "आता शेखरभौचं बी लिहा. त्याले माहीत होतं. एकदा हळूच सांगतलं, दुसऱ्यांदा सांगतलं नाई, काऊन का त्याचा टँकर वाचत होता. आन मंग माया ओट्यावर येऊन सही मांगतली, पुट्टी मारून झाकू म्हने." शेखर लाल झाला. नाई म्हनला नाई पर. म्हने, "तोडून देतो. सहाही लिंटल माया खर्चानं."

सारिका मॅडमनं समजावून सांगतलं, लोखंड कसं गंजते, खार कसा फुटते. सोपं सांगतलं. आन म्हनल्या, आता पुढचं सारं काम गोड पाण्यात, टँकर साइटवरच उतरला पाह्यजे. झालं! कोकिळा उभी राह्यली, कडेवर नात. "म्हंजे मे महिन्यात आमी खारं पेवाचं काय? बेबीताईनं देल्लं आन बेबीताईच घेऊन जाते!" साऱ्या बाया मायाकडं पाहाले लागल्या. खरं सांगू, याचंच भ्याव मले जास्त होतं. बोलणी खाता येते, पर कोनाच्या तोंडचं पाणी कसं काढाचं?

मी म्हतलं, "कोकिळा, मायं चुकलं ते इथीच चुकलं. मी भिंतीचं पाणी तोडून माणसाले देल्लं. माणसाचं पाणी मांगतलंच नाई कोनाले. आज मांगू. भिंतीचं भिंतीले जाऊ द्या, माणसाचा टँकर वेगळा पाह्यजे. टंचाईचा टँकर, रोज, वस्तीले बी आन गावाले बी. आत्ताच ठराव घ्या. ठरावावर सरपंचाची सही झाल्याबिगर कोनी उठाचं नाई." बाया अशा गच्च बसल्या का कडूबाभाऊले जाग्यावरून हालता आलं नाई. ठराव झाला. सारिका मॅडमनं त्याची प्रत त्याच दिवशी तहसीलले नेली. काल टँकर सुरू झाला, दादा. रोजचा.

पर आजून संपलं नाई. कडूबाभाऊ म्हने, "चूक कबूल केली, चांगलं केलं. पर आता देखरेखीचं काम समजणाऱ्या माणसाकडं पाह्यजे. पुढच्या सह्या मी करतो." बरेच हात वर झाले. मी बी खाली बसली. म्हतलं, बरोबर हाये, गमावलं आपून.

तवा शालूबाई उठली. तुले माहीत हाये ते कधी सभेत बोलली नाई. काठी फरशीवर ठोकली आन म्हने, "तीन नंबरचं घर मायं हाये. मले घाई हाये, मायं वय पाहा. तरीबी बेबीनं ते थांबवलं. बाकीच्यायनं आजपर्यंत आमच्यासाठी काय काय बांधलं, समाजमंदिर गळते, नाली उलटी वाह्यते. त्याच्यावर सह्या कोनाच्या हायेत? उभं राहून सांगतलं का कोनी, मायं चुकलं म्हनून? माया स्लॅबवर मले बेबीचीच सही पाह्यजे. नाई तं ठेवा तुमचं घर, मले टिनाखाली सवय हाये."

दादा, एकेक करून वर गेलेले हात खाली आले. आन मंग माया बाजूनं वर झाले. मी मोजले नाई, मले दिसतच नव्हतं.

उद्या लिंटल तोडाचं सुरू. मी बी घमेलं घेऊन जाणार हाओ. रोजी घेणार नाई.

तुयी,
बेबी


कोथळखेड
२८ मे २०२५

दादा,

सहाही लिंटल तोडून नवे टाकले. आतली सळई काढली तं तीन-चार महिन्यांतच तांबडी पडली होती, मी हातात घेऊन पाह्यली. हे शालूबाईच्या डोक्यावर राह्यलं असतं. भिंती धुवून धुवून हात गेले, पर पंधरा दिवसांपासून खार नाई. शेखर बी हप्ताभर आमच्यासंग ब्रश घेऊन घासत होता. आता त्यानं साइटवर पाटी लावली, कोणता हौद गोडाचा, कोणता बोअरचा. आन मी हरेक रेजाले काऊन ते समजावून सांगतलं. एक म्हने, "ताई, तेरा वर्षांत पह्यल्यांदा कोनी सांगून राह्यलं."

काल पहिल्या लायनीचा स्लॅब पडला. सकाळपासून उभी होती. ओळंबा पाह्यला, सळईखालचे गोटे पाह्यले, पाणी चाखून पाह्यलं. मंग सही केली. मंग घरी येऊन ढसढसा रडली, कोनाले सांगू नोको.

दादा, तू एकदा येऊन स्लॅब तपासून जाय ना. एकतीस वर्षं तू हेच केलं. मायी नजर कमी पडली असीन तं तुया नजरेत येईन. तू हो म्हनला का मंग मले निवांत झोप येते.

बेबी


बुलढाणा
३ जून २०२५

चि. बेबीस,

तुझे चार मेचे पत्र मी टपरीवर वाचले. आधी मार्चचेही वाचले, पेढे खाल्लेल्या सर्वांसमोर. काही वगळले नाही. मग हेडमास्तरांनी ते पत्र मागून घेतले आणि शालूबाईचा भाग स्वतः उभे राहून परत वाचला.

सोजराला घेऊन शनिवारच्या गाडीने येतो. चार दिवस राहीन. लिंबाखाली बसेन, शालूबाईच्या नव्या घराच्या दारात चहा घेईन, देवानंदरावांशी गप्पा मारीन.

स्लॅब मात्र मी तपासणार नाही. तिथे तुझी सही आहे.

तुझा दादा,
इंद्रभान